वास घराचा, दोष भाडेकरूचा?

भिवंडीत नदीनाक्यापुढे वाडा रस्त्याला लागले की शेलार येते. गाव म्हणावे तर इमारतींची दाटी, शहर म्हणावे तर कारभार ग्रामपंचायतीचा. यंत्रमागाचे कारखाने, सायझिंग, डाइंग आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या चाळी व इमारती असा इथला संसार आहे. ठाण्या-कल्याणच्या मानाने भाव कमी आणि खोली रिकामी राहण्याची भीती नाही. त्यामुळे थोडे पैसे गाठीला असलेला माणूस इथे ‘भाडे चालू असलेली खोली’ शोधत येतो. भाडेकरूसकट विकत घ्यायची, पुढच्या महिन्यापासून भाडे आपल्या हातात, असा सरळ हिशेब.

या व्यवहारांत एक समज इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटतही नाही. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर धुराचा वास आला की दलाल म्हणतो, “भाडेकरू विडी ओढतो शेठ, दुसरं काय? तो गेला की एक हात रंग मारा, वास खलास.” विकणारा मान डोलावतो. घेणारा त्या वासाच्या नावावर भाव थोडा पाडून घेतो. अनुभवी मंडळींचा सल्ला असतो की भाडेकरू उठवून, खोली रिकामी करूनच ताबा घ्यावा आणि रंगाचा खर्च त्याच्या डिपॉझिटमधून वळता करावा. एवढ्यानेही कुणाची शंका फिटली नाही तर शेवटचा युक्तिवाद तयार असतो, “तुम्हाला कुठे तिथे राहायचंय?”

हा पूर्वपक्ष मी त्याच्याच शब्दांत ठेवला, कारण तो मूर्खांचा नाही. वर्षानुवर्षे व्यवहार करणाऱ्यांचा आहे. तरीही त्याचे एकेक कलम तपासले तर फार थोडे शिल्लक उरते. माझा पक्ष असा आहे की धुराचा वास हा पुष्कळदा त्या वास्तूचा आणि तिच्या परिसराचा दोष असतो, भाडेकरूच्या सवयीचा नसतो. आणि तो नेमका ओळखायचा असेल तर घरात राहणारा भाडेकरू ही अडचण नाही, तोच सर्वांत मोठा आधार आहे.

आधी अनुमानाचे पाहू. धूर आणि त्याचे कारण हा आपल्या तर्कशास्त्राचा सर्वांत जुना धडा. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान नैयायिकांनी शुद्ध मानले. पण त्याच धड्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे उलटे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर होतो तो ओल्या इंधनाच्या संयोगाने. ती तिथली उपाधी, म्हणजे धूर होण्यासाठी लागणारी जास्तीची अट. आता दलालाचे अनुमान या कसोटीला लावा. धुराचा वास आहे, म्हणून अग्नी कधीतरी, कुठेतरी होता, इतकेच सिद्ध होते. तो अग्नी विडीच्या टोकाचा, रॉकेलच्या स्टोव्हचा, कोपऱ्यात जाळलेल्या कचऱ्याचा, रोजच्या धूप-लोबानाचा की समोरच्या सायझिंगच्या बॉयलरचा, हे त्या वासातून आपोआप निघत नाही. जो हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, पाच ठिकाणी सारखाच सापडतो तो एका ठिकाणचा पुरावा होऊ शकत नाही. शास्त्रात याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात.

शेलारच्या बाबतीत तर ती ओल्या इंधनाची उपाधी पुस्तकातली राहत नाही. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ चढवतात आणि वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवरून ते वाळवतात. त्या वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरला लाकूड किंवा कोळसा. लाकूड ओले असेल किंवा भट्टीला हवा पुरेशी मिळत नसेल तर ज्वलन अर्धवट राहते आणि चिमणीतून काजळी बाहेर पडते. लाकडाच्या जोडीला चिंध्या, प्लास्टिक किंवा रबर भट्टीत गेले की त्या धुराला एक तिखट, घशाला झोंबणारा वास येतो. तो वास शेजारच्या खिडक्यांतून आत येताना भाडेकरूची परवानगी विचारत नाही.

तंबाखूबद्दलही आपली गृहीते तपासून घ्यावीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले, तर तंबाखू, मिश्री, खैनी, गुटखा अशा धूरविरहित प्रकारांचे सेवन करणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचे व्यसन मुख्यतः तोंडात धरण्याचे आहे, ओढण्याचे नाही. यावरून एखाद्या विशिष्ट खोलीतला माणूस ओढत नाही असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण ‘भाडेकरू आहे म्हणजे ओढतच असणार’ या ठाम बोलण्याला आधार नाही, एवढे नक्की सिद्ध होते. त्या बोलण्यामागे पुष्कळदा अनुभव नसतो, परगावाहून कामाला आलेल्या कामगाराबद्दलचा आकस असतो. ‘ते लोक तसेच’ हे वाक्य मला या व्यवहारांत इतक्यांदा ऐकू आले आहे की ते इथे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग ओळखायचे कसे? डोळे आणि बोटे वापरून. शेलारमधल्या एका चाळीतली पहिल्या मजल्यावरची खोली मी पाहत होतो. विकणाऱ्याने येतानाच सांगून टाकले होते की भाडेकरूच्या विड्यांचा वास आहे, रंगाने जाईल. मी भिंतीवरचे कॅलेंडर उचलून पाहिले. खालचा चौकोन बाजूच्या भिंतीपेक्षा उजळ होता. म्हणजे भिंतीवर काहीतरी बसले होते हे खरे. पण ते सगळीकडे सारखे नव्हते. खिडकीच्या चौकटीवर, ग्रिलच्या आडव्या पट्ट्यांवर आणि खिडकीलगतच्या छतावर ते दाट होते; आतल्या कोपऱ्यात, जिथे माणूस पथारी टाकून बसतो तिथे, विरळ. ओला पांढरा फडका ग्रिलवरून फिरवला तर तो काळा झाला, पिवळा नाही. घरातली बाई चुलीपाशी उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, “दादा, आमच्यात कुणी विडी ओढत नाही. रात्री ती समोरची चिमणी चालू झाली की मी खिडकी लावून घेते. वाळत घातलेले कपडे तर बाहेर ठेवताच येत नाहीत.” खिडकीतून चिमणी दिसत होती. ती विकणाऱ्यालाही दिसत होती.

या एका प्रसंगावरून नियम बनवावा असे मी म्हणत नाही, पण त्यातली चिन्हे भरवशाची आहेत. तंबाखूच्या धुराचा थर पिवळसर-तपकिरी आणि किंचित चिकट असतो, आणि बंद खोलीत तो छतावर व भिंतींच्या वरच्या भागात बऱ्यापैकी सारखा पसरतो. बॉयलरची काजळी काळी, बोटाला लागणारी, आणि हवा आत येण्याच्या वाटेवर जास्त. स्वयंपाकाचा थर तेलकट. तो ओट्याच्या वर, पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर सापडतो आणि भिवंडीत त्यावर मागाच्या सुताचे बारीक तंतू चिकटलेले दिसतात. आपल्या नाकावर मात्र फार वेळ विसंबू नये. कोणत्याही वासाला नाक काही मिनिटांत सरावते. दार उघडल्यावरचे पहिले काही श्वास खरे. नंतर बाहेर मोकळ्या हवेत जाऊन परत आत यावे. कारखाने चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा यावे. हिवाळ्यात सकाळी हवा थंड आणि जड असते, धूर खालीच रेंगाळतो. ती वेळ चुकवू नये. पावसाळ्यातल्या दमट हवेत भिंतीत मुरलेला वास पुन्हा उठतो, म्हणून तीही भेट वाया जात नाही.

आता रंगाचा प्रश्न. इथे पूर्वपक्षाची चूक सर्वांत महागात पडते. वास हवेत असतो अशी आपली समजूत असते, म्हणून खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली, फिनेल ओतले की काम झाले असे वाटते. आपल्या वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा गुण मानला आणि वाऱ्याला येणारा वास हा त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा आहे असे सांगितले. त्यांच्या पदार्थविज्ञानातले बरेचसे आज टिकत नाही, पण या बाबतीत त्यांचा रोख बरोबर होता. वास वस्तूत बसलेला असतो. निकोटीन हवेतून भिंतीवर, लाकडावर, गादीवर, पडद्यावर बसते, प्लॅस्टरच्या छिद्रांत शिरते आणि तिथून दीर्घकाळ हळूहळू पुन्हा हवेत येत राहते. अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातील जॉर्ज मॅट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका आपल्या विषयावरचा आहे. धूम्रपान करणारे भाडेकरू गेल्यावर त्याच घरांत धूम्रपान न करणारे राहायला आले. मध्ये घरे सुमारे दोन महिने रिकामी होती, साफसफाई झाली होती, काही ठिकाणी रंगही झाला होता. तरीही धूळ, पृष्ठभाग आणि नव्या रहिवाशांची बोटेसुद्धा निकोटीनमुक्त नव्हती.

डिस्टेंपरचा एक हात या थराला झाकतो, काढत नाही. तंबाखूचा पिवळा थर पाण्यात विरघळतो. त्यावर पाण्याचा रंग चढवला की तो रंगातूनच वर येतो आणि पहिल्या पावसाळ्यात नव्या भिंतीवर पिवळे ओघळ दिसू लागतात. कोणत्याही जुन्या रंगाऱ्याला हे माहीत असते, पण त्याला विचारतो कोण? कामाचा क्रम असा हवा: आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून भिंती व छत धुवायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग पूर्ण वाळू द्यायचे, मग डाग अडवणारा ऑइल प्रायमर, आणि शेवटी रंग. पंखे, ग्रिल, स्विचबोर्ड, पोटमाळ्याच्या फळ्या यांना सोडून चालत नाही. एसी असेल तर त्याची जाळी आणि आतली कॉइल धुतलीच पाहिजे, नाहीतर तो रोज तोच वास खोलीभर वाटत राहतो. गाद्या आणि पडदे मात्र धुण्यापेक्षा बदललेले बरे. ओझोन सोडणारी यंत्रे लावून वास ‘मारून’ देणारेही हल्ली भेटतात. माणसे राहत असलेल्या घरात ओझोन सोडणे फुप्फुसांना घातक आहे, आणि भिंतीवरच्या निकोटीनशी त्याची क्रिया होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात ते वेगळेच. त्या वाटेला जाऊ नये.

‘खोली रिकामी करून मगच घ्या’ या सल्ल्यात एक खरी गोष्ट आहे: रिकाम्या जागेत वाद कमी. पण वासाच्या बाबतीत हाच सल्ला घेणाऱ्याला आंधळा करतो. रिकामी, ताजी रंगवलेली, फिनेलने पुसलेली खोली काहीच सांगत नाही. कॅलेंडरखालचा उजळ चौकोन रंगाखाली गेलेला असतो, चिमणी कधी पेटते हे सांगणारी बाई निघून गेलेली असते. राहते घर खोटे बोलू शकत नाही, कारण तिथे रोजचे जगणे चालू असते. विकणाऱ्याचा स्वार्थ वास लपवण्यात असतो, दलालाचा तो विसरायला लावण्यात. भाडेकरूचा स्वार्थ घर सुधारण्यात असतो, कारण त्याला तिथेच श्वास घ्यायचा आहे. अर्थात ‘मी ओढत नाही’ असे तो खोटे सांगू शकतो, आणि बंद एसी खोलीत दिवसाला दोन पाकिटे संपवणारा भाडेकरूही असतो. म्हणून त्याचे बोलणे भिंतीशी ताडून पाहायचे. न ऐकता सोडायचे नाही.

कायदाही पूर्वपक्षाच्या बाजूने तितकासा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चे कलम ५५ सांगते की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण दक्षता घेऊनही घेणाऱ्याला कळला नसता, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. यातली शेवटची अट नीट वाचावी. दार उघडताच नाकाला कळणारा वास हा लपलेला दोष ठरवणे कठीण. ‘तुम्ही पाहून घेतलेत’ एवढे उत्तर पुरते. म्हणून वास, त्याचे कारण आणि त्यासाठी सोडलेली रक्कम विसार पावतीत किंवा साठेखतातच लिहून घ्यावी. समोरचे सायझिंग रात्री चालते का, असा प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घेतले तर पुढे ते उत्तर हातात राहते. त्याच अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाच्या हक्काची कल्पना घेणाऱ्याला आहे असे धरले जाते. म्हणजे राहत्या भाडेकरूशी न बोलता व्यवहार करणे हे कायद्याच्या दृष्टीनेही निष्काळजीपणाचे आहे.

भाडेकरूचे काय होते हे तो कोणत्या कागदावर राहतो यावर ठरते. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो: हक्क मिळतात, आणि भाडेकरूने म्हटले तर जबाबदाऱ्याही अंगावर येतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे नवा मालक त्या परवान्याने केवळ खरेदीमुळे बांधला जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार दोन्ही प्रकारचे करार लेखी आणि नोंदणीकृत असले पाहिजेत, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हा कायदा परिशिष्टात नेमलेल्या क्षेत्रांना लागू होतो, म्हणून जागा महापालिका हद्दीत की ग्रामपंचायतीत, हे वकिलाकडून आधी पडताळून घ्यावे. जिथे तो लागू आहे तिथे पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा हक्क कलम २८ देते, आणि भाडेकरूला उठवण्याची कारणे कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत. घरात विडी ओढली हे कारण त्यात नाही. शेजाऱ्यांना उपद्रव हे कारण आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. स्वतःच्या राहत्या खोलीत धूम्रपान करणे गुन्हा नाही. ते नको असेल तर करारात तशी अट हवी, आणि ती नव्या कराराच्या वेळी घालावी, मागच्या वर्षांसाठी नव्हे.

  

डिपॉझिटकडे येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागा मूळ स्थितीत परत द्यायची असते, पण वाजवी वापराने होणारी झीज वगळून. दहा बाय बारा फुटांची खोली, एकच खिडकी, एक्झॉस्ट नाही, त्यातच स्वयंपाक. मालकाने ती राहायला म्हणून दिली आणि तिची भिंत तेलकट झाली, तर ती वाजवी वापराचीच झीज आहे असे मला वाटते. झरोका न ठेवणाऱ्याने धुराची भरपाई मागू नये. बाहेरून आलेल्या काजळीचे पैसे भाडेकरूकडून घेणे तर उघड अन्याय आहे. शिवाय डिपॉझिट जुन्या मालकाकडे जमा असते. खरेदीच्या वेळी ते नव्या मालकाकडे वळते झाल्याचे खरेदीखतात लिहिले नाही, तर उद्या ते परत करायची वेळ आली की नवा मालक आणि भाडेकरू दोघेही अडकतात.

राहिला शेवटचा युक्तिवाद: तुम्हाला कुठे तिथे राहायचंय? याचे उत्तर देताना माझा आवाज थोडा चढतो. २०१० साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवले की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात. हे आम्ल गॅसच्या शेगडीच्या ज्वलनातूनही खोलीत येते. एकाच खोलीत चूल, झोप आणि जुन्या धुराच्या भिंती, अशा जागेत जमिनीवर रांगणारे आणि हात तोंडात घालणारे मूल वाढत असेल, तर तिथे आपण राहत नाही हे समर्थन होऊ शकत नाही. आपण त्या जागेचे भाडे घेतो. आणि निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी, वास असलेल्या खोलीतला चांगला भाडेकरू पहिली संधी मिळताच निघून जातो.

खोली साफ करायला भाडेकरू हलवावाच लागतो असेही नाही. शेलारमधली पुष्कळ कामगार कुटुंबे सणाला किंवा मे महिन्यात गावी जातात. आधी बोलून, सामान कुठे ठेवायचे ते ठरवून, त्या दिवसांत भिंती धुऊन रंगवता येतात. त्या दिवसांचे भाडे सोडून द्यावे.

दोष बाहेरचा असेल तर रंगाचा विचारच चुकीचा; लढाई बाहेर करावी लागते. शेजाऱ्याने हवा अवाजवी दूषित करू नये हा जमीनमालकाचा हक्क सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ ने मानला आहे. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालीच स्वतंत्र कायदा झाला होता. आज हवा प्रदूषणाचा १९८१ चा अधिनियम आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव दूर करण्याचा आदेशही मागता येतो. अशी तक्रार नवा मालक एकट्याने करील तर ती एका माणसाची कुरकुर राहते. चिमणी कोणत्या रात्री, किती वाजता पेटली, कोणता वास आला, याची तारीखवार नोंद तिथे राहणाराच ठेवू शकतो. मालकाने त्याच्यासह तक्रारीवर सही करावी.

तेव्हा शेलारमध्ये किंवा कुठेही भाडे चालू असलेली खोली घेणार असाल, तर विसाराची रक्कम देण्याआधी दलालाला बाहेर थांबवा, भाडेकरूची परवानगी घेऊन आत बसा आणि हा धूर कुठून येतो हे त्याला विचारा.